पोटात दुखणाऱ्यांचा हिवाळा

काल सकाळी तेलीबांध्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा शेजारच्या स्कूटरवर एक माणूस हिरव्या हरभऱ्याची जुडी हँडलला लटकवून बसला होता. एकेक घाटा तोडायचा, दातानं सोलायचा, टरफल रस्त्यावर आणि दाणा तोंडात. रायपुरात या हरभऱ्याला बूट म्हणतात. सिग्नल सुटेपर्यंत त्यानं दहा-बारा घाटे तरी संपवले असतील. मी काच खाली करून त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं, मला हवाय. त्यानं जुडीच पुढं केली, "लो ना भैया." मी मान हलवली, काच वर केली, आणि माझ्या पोटात दुखलं.

हे वाक्य मराठीत दोन अर्थांनी वापरतात आणि माझ्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे आहेत. दुसऱ्याचं बरं बघवलं नाही की आपण म्हणतो, याच्या पोटात दुखतं. छातीत का नाही, डोक्यात का नाही, पोटातच का, याचा मी खूप विचार केला आहे. ज्या माणसाच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं असेल, त्याचं आतडं नक्की माझ्यासारखं असणार. कच्चा हरभरा खाणाऱ्याकडे बघून त्याला ते सुचलं असणार.

थंडी पडली, बाजारात तिवऱ्याची भाजी आली, की मला तो हिवाळा आठवतो. तिवरा म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची लाखोळी. कोवळे शेंडे खुडायचे, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी द्यायची आणि गरम भातावर ओतायची. त्या वासानं मी अजूनही दारात थांबतो. सुनंदा, माझी बायको, आता माझ्यासाठी दोन चमचे बाजूला काढते, चांगली शिजवलेली, बिनमिरचीची. त्या हिवाळ्यात तेवढीही चालत नव्हती. मी मऊ भात आणि ताकाची निवळ घेऊन बसायचो. समोर सुनंदा ती भाजी खायची आणि मला तिच्या जबड्याचा राग यायचा. सुखानं हलणाऱ्या कुठल्याही जबड्याचा राग यायचा.

माझा रोग असा की मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, त्यातून रक्त जातं, आणि दिवसातून बारा-पंधरा वेळा उठावं लागतं. उठावं लागतं म्हणजे त्याच क्षणी. मिनिटाचीही सूट नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव कोलायटिस. आमच्या घरात त्याचं नाव ॲसिडिटी होतं. सुनंदानं शेजारी, माहेरी, सगळीकडे तेच सांगून ठेवलं होतं. एकदा मी चिडून विचारलं, काहून खोटं सांगते? ती म्हणाली, "मंग काय सांगू? लोकं जेवत असतात."

याउलट, दिवाकरराव.

दिवाकरराव माझे साडू, सुनंदाच्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईंचे यजमान. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात नागपुराहून आले आणि रायपुरच्या तात्यापाऱ्यात राहिले. हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मी आलो तो पॅसेंजरनं, छत्तीसगढचं नवं राज्य झालं त्या वर्षी, एका टाइल्सच्या दुकानात माल उतरवायला. दिवाकरराव मंत्रालयात मोठ्या सीटवर होते. माझा धंदाही सीटचाच. पुढं मी स्वतःचं दुकान काढलं, टाइल्स आणि सॅनिटरीचं. बसायचा पाश्चात्त्य कमोड असो की जमिनीतला ओरिसा पॅन, आमच्या धंद्यात दोन्हींनाही सीटच म्हणतात. मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, तिकडं क्वार्टर उठले, ऑफिसं उठली, आणि त्यातल्या कितीतरी इमारतींत माझा माल लागला. घरात कुणी म्हणालं, साहेबांची सीट बदलली म्हणे, की मी मनात म्हणायचो, साहेब सकाळी ज्या सीटवर बसतात ती तर अजून माझीच आहे.

त्या हिवाळ्यात, मार्गशीर्षात, दिवाकररावांची बायपास झाली आणि त्याच पंधरवड्यात माझं आतडं पेटलं. दोन बहिणींचे दोन नवरे एकदमच आजारी पडले.

त्यांना बघायला कोण कोण आलं नाही? ऑफिसातले लोक गाड्या भरून आले. डाळिंबं, संत्री, मोसंबी, फळांच्या करंड्यांवर रिबिनी. कुंदाताई सगळ्यांना तीच हकिगत पहिल्यापासून सांगायच्या, कुठं घाम आला, कुठं हात जड झाला, आणि ऐकणारा स्वतःच्या छातीवर हात ठेवून ऐकायचा. दिवाकरराव सदऱ्याची वरची तीन बटणं सोडून टाक्यांची रेघ दाखवायचे. लहान पोरंसुद्धा वाकून बघायची. माणसाच्या छातीवर अशी रेघ असली की त्यानं काहीतरी जिंकलंय असं वाटतं.

मी काय दाखवणार होतो? माझ्या आत नळी घालून काढलेले फोटो होते, लाल, सोललेले, एखाद्या भाजलेल्या बोगद्यासारखे. ते मी कपाटात जुन्या चादरीखाली ठेवले होते. मला बघायला फक्त माझा भाऊ आला, भंडाऱ्याहून, आणि म्हणाला, बाहेरचं खाणं बंद कर. हृदयाच्या रोगाला माणसं भेटायला येतात आणि आतड्याच्या रोगाला पथ्य सांगायला येतात.

सुनंदा रोज सकाळी बहिणीकडे बिनतेलाचा डबा घेऊन जायची. मी खिडकीतून तिला रिक्षात बसताना बघायचो. माझ्यासाठी भात ती आधीच उतरवून ठेवत असे, त्यात काही कमी नव्हतं. तरी तिच्या हातातला तो चार खणांचा डबा बघून माझी कानशिलं तापायची. पन्नाशीला टेकलेला, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस बिनतेलाच्या दुधीवर जळतो, हे आज लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

माझ्या धंद्यात एकच विद्या आहे, आणि ती मला कुणी शिकवली नाही. भाव करताना आधी उठायचं नाही. समोरचा कितीही खाली बोलो, आवाज चढवो, गप्प बसो, आपण खुर्ची सोडायची नाही. चहा येऊ द्यायचा, थंड होऊ द्यायचा. शांततेची भीती ज्याला आधी वाटते तो आकडा बदलतो. मी तापट आहे, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे, पण माझा ताप तोंडात असतो, बुडात नसतो. मी शिव्या देतानाही बसून देतो. याच एका गुणावर मी मालकाच्या दुकानातून स्वतःच्या दुकानात आलो.

आणि रोगानं नेमका तोच गुण घेतला.

नव्या रायपुरात एका मोठ्या ठेकेदाराच्या साइट ऑफिसात बसलो होतो. सरकारी क्वार्टरांचं काम होतं, वर्षभर दुकान चालेल एवढं. ठेकेदार माझ्याच जातीचा, म्हणजे गप्प बसणारा. तो गप्प, मी गप्प. बाहेर मिक्सर फिरत होता. आणि माझ्या पोटात ती कळ आली, जिला मी तोपर्यंत चांगलाच ओळखत होतो. मी दोन मिनिटं काढली. कपाळावर घाम आला. मग उठलो, धावलोच. परत आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. ठेकेदारानं माझ्याकडे बघितलं आणि प्रेमानं म्हणाला, "बैठिए ना सेठजी. जल्दी क्या है?" आणि पुन्हा गप्प बसला. दुसऱ्यांदा कळ आली तेव्हा मी त्याचा भाव कबूल करून टाकला.

पंधरा दिवसांत ही गोष्ट बाजारात पसरली. माझं नाव घेऊन म्हणायचे, गजू सेठला काही म्हणू नका, नुसतं बसवून ठेवा. अर्ध्या तासात स्वतःच भावात उतरतो. लोक मला दुसरा चहा आग्रहानं देऊ लागले.

तेलीबांध्याहून नव्या रायपुरला जाणारा रस्ता तुम्ही बघितला असेल. सहा गाड्या शेजारी शेजारी धावतील एवढा रुंद, मधोमध फुलझाडं, दिव्यांचे खांब. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, त्यावर पिवळं ऊन. पाहुणे आले की आम्ही अभिमानानं त्यांना त्या रस्त्यावरून नेतो. मी त्या रस्त्याकडे फक्त एका हिशेबानं बघायचो की पुढची सीट किती लांब आहे. ज्या माणसानं या राजधानीत एवढ्या सीटा बसवल्या, त्याला त्या एवढ्या लांबीत एक सापडत नव्हती. झाडंही तेव्हा नवी होती, काठीएवढी. त्यांच्यामागं माणूस लपत नसे.

मग मी जाणं बंद केलं. आधी नवं रायपुर बंद केलं, मग लग्नं, मग शनिवारचा बाजार. मग दुकानही नोकरांवर सोडून मागच्या गोदामात बसायला लागलो, कारण तिथं दाराला लागून बाथरूम होतं. दाढी राहू लागली. गोळ्यांनी तोंड सुजलं, आरशात दुसराच माणूस दिसायचा. सुनंदा विचारायची, "तुम्हाले काय होऊन राहिलं? बोलत काहून नाही?" मी तिच्यावर ओरडायचो. ओरडून झालं की गोदामात कमोडच्या खोक्यांवर बसून राहायचो आणि वाटायचं, मी नसलो तर कुणाचं काय अडणार आहे? हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज लिहितोय, कारण गोदामात असा बसलेला आणखी कुणी हे वाचत असेल, तर त्याला कळावं की तिथं आधी कुणीतरी बसून गेलंय.

माझी डॉक्टरीण तरुण होती, सरकारी दवाखान्यातली. मी खाजगीत गेलो नव्हतो, कारण तिथं ओळखीचे भेटतात. तिनं माझी गोळ्यांची मात्रा बदलली, पोट दाबून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक चिठ्ठी लिहिली. त्याच मजल्यावर, शेवटच्या खोलीत जायचं. मी खोलीचं नाव वाचलं. मनोरोग.

मी म्हणालो, "मॅडम, रोग पोटात आहे."

"हां, पेट में ही है."

"मग ही चिठ्ठी डोक्याची का?"

ती म्हणाली, मनामुळे हा रोग झालेला नाही. पण या रोगानं मनाला धरलंय, आणि ते सुटलं नाही तर आतडंही नीट बरं होणार नाही. दोन्हींची दवा साथ साथ. मी ते ऐकलं, पण मला ऐकू आलं ते वेगळंच. मला ऐकू आलं की हा रोग खोटा आहे. भाऊ जाताना म्हणाला होता, टेन्शन घेऊ नको. शेजारी म्हणाले होते, ॲसिडिटी मनाची असते. आता डॉक्टरीणही तेच म्हणतेय. दिवाकररावांची नळी कापली तेव्हा कुणी म्हणालं का, मनावर घेऊ नका? मी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली, आणि त्या शेवटच्या खोलीकडे पाठ करून निघून आलो. ती चिठ्ठी पुढं महिनाभर माझ्या खिशात एका सदऱ्यातून दुसऱ्या सदऱ्यात फिरत राहिली. फेकलीही नाही आणि नेलीही नाही.

संक्रांतीनंतर दिवाकररावांकडे सत्यनारायण होता, बरे झाल्याबद्दल. सुनंदानं हात जोडले म्हणून गेलो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणजे उठावं लागणार नाही. पंगतीत बसलो. मसालेभात, भरली वांगी, सोल्यांची आमटी. तुरीचे हिरवे दाणे भाजून वाटलेले. तो वास. मी पानात साधा भात घेतला आणि बोटांनी इकडून तिकडे करत राहिलो. समोर दिवाकरराव पाटावर बसले होते, उघड्या अंगानं, उपरणं एका खांद्यावर, छातीवरची रेघ सगळ्यांना दिसेल अशी. माझी नजर त्या रेघेवर होती. खरं सांगतो, मला ती हवी होती. तसलाच एक सरळ, स्वच्छ, दाखवता येणारा व्रण.

त्यांनी माझं पान बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "गजूभाऊ काहून जेवून नाही राहिले? समजलं. आमचं चांगलं झालं, त्यांच्या पोटात दुखून राहिलं."

सगळी पंगत हसली. कुंदाताई हसल्या. सुनंदाही, सवयीनं, अर्धी हसली, मग थांबली.

मी पानावरून उठलो. हात न धुता उठलो. आणि उठताना कळलं की हे वाक्य दोन्ही अर्थांनी बरोबर होतं, म्हणूनच एवढं लागलं. नुसतं खोटं असतं तर मी तिथंच बसून त्यांना चार ऐकवली असती. जिन्यात सुनंदा मागून आली, "अहो, ते मजाक करून राहिले होते." मी म्हणालो, मजाक ज्याला परवडते त्यानं करावी. त्यानंतर मी त्या घराची पायरी कितीतरी वर्षं चढलो नाही.

पुढच्या तारखेला दवाखान्यात गेलो तेव्हा डोक्यात हेच होतं. बाकावर गर्दी होती. शेजारी एक बाई येऊन बसली, पन्नाशीची, हातभर गोंदलेली, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट. तिनं माझ्या हातातला कागद बघितला, तिच्याकडच्यासारखाच. आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "तुमन ला घलो खून जाथे का?"

तुम्हालाही रक्त जातं का? सगळ्या बाकानं ऐकलं. मी भिंतीकडे बघू लागलो. ती म्हणाली, "लजाय के का बात हे भैया? ये हमर मन के बीमारी आय."

मन. पुन्हा मन. महिनाभर साठलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. मी तिच्यावर, त्या अनोळखी बाईवर, ओरडलो. मन की बीमारी? किसने बोला तुमको? खून मन से निकलता है क्या? आतडं माझं सडतंय आणि मला मनाचं सांगता? पलीकडे तसलाच कागद घेऊन बसलेली कॉलेजातली एक मुलगी उठून उभी राहिली. शिपाई आला.

बाई आधी घाबरली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती पदर तोंडावर धरून हसायला लागली. हसता हसता तिनं बोट आधी स्वतःच्या छातीकडे नेलं, मग माझ्याकडे, मग त्या मुलीकडे. "हमर मन के," ती म्हणाली. "मोर, तुँहर, ये नोनी के."

वीस वर्षं नसतील, पण पंधरा वर्षं तरी मी या भाषेत भाव केला होता. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. छत्तीसगढीत शब्दामागं मन लावलं की एकाचे अनेक होतात. लइका म्हणजे मूल, लइका मन म्हणजे मुलं. हमर मन म्हणजे आम्हा सगळ्यांचा. ती एवढंच म्हणत होती की लाजायचं काय, हा आपल्या लोकांचा रोग आहे. आणि मी त्या एका शब्दात माझा सगळा अपमान ऐकला होता.

मी तिची माफी मागितली. मला माफी मागता येत नाही, ती पुटपुटल्यासारखी आली. ती म्हणाली, राहू दे, या रोगात राग लई येतो, मी तर नवऱ्याला कलथा फेकून मारला होता.

तिचं नाव शिपायानं पुकारलं तेव्हा कळलं, बिसाहिन. बिसाना म्हणजे विकत घेणं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढचं मूल जन्मल्याबरोबर मूठभर कोंड्याला दुसऱ्याला विकायचं आणि परत विकत घ्यायचं, म्हणजे मरणाला वाटतं हे यांचं नाहीच. इकडच्या गावांमधली जुनी चाल. मी आयुष्यभर भाव केला, पण असा भाव केलेली बाई पहिल्यांदाच बघितली.

ती तपासून येईपर्यंत मी बाकावरच थांबलो, माझा नंबर मधे पुकारला तरी. मला एक विचारायचं होतं. ती भाजी विकायची, बाजारात जमिनीवर पसरा लावून. तिवरा, लालभाजी, हिवाळ्यात मटार. मी विचारलं, दिवसातून दहा वेळा उठायला लागतं, मग पसरा कोण बघतं? गिऱ्हाईक जात नाही?

तिला प्रश्नच समजला नाही. म्हणाली, बाजूच्या बाया बघतात ना. मी सांगितलंय त्यांना, मला हा रोग आहे, मी पळत सुटले की समजा. त्या माझी भाजी माझ्याच भावानं विकतात, पैसे पदराखाली ठेवतात. कधी मी त्यांचा पसरा बघते.

एवढंच. तिनं सांगितलं होतं, म्हणून ती उठू शकत होती. माझ्याकडे पक्कं दुकान होतं, चार नोकर होते, गोदामाला लागून बाथरूम होतं, आणि मला त्या जमिनीवर बसणाऱ्या बाईचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. दिवाकररावांच्या रेघेचाही एवढा वाटला नव्हता. तिच्या रोगाला माणसं होती. माझ्या रोगाला चादर होती.

खिशातली चिठ्ठी घडीवर फाटायला आली होती. मी त्याच दिवशी शेवटच्या खोलीत गेलो.

तिथला डॉक्टर बुटका, चष्मेवाला, गडबड नसलेला. त्यानं विचारलं, सबसे ज्यादा गुस्सा किस पर आता है? पहिल्या दिवशी रोगाचं नावही निघालं नाही, सगळा वेळ साडू. मधेच मला उठावं लागलं. परत आलो, तर तो तसाच बसला होता, पेन खाली ठेवून, आणि म्हणाला, हां, तो आप पंगत में बैठे थे. त्यानं माझ्या उठण्याचा काही फायदा घेतला नाही. दोन महिन्यांत असा मनुष्य मला पहिल्यांदा भेटत होता.

सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. आतडं शांत व्हायला होळी उजाडली, आणि नंतरही ते दोनदा पेटलं. मन त्याच्या मागून, उशिरा, रुसलेल्या पाहुण्यासारखं परत आलं. औषधं घेतली. त्या खोलीत वर्षभर जात राहिलो. सुनंदाला सांगितलं की ॲसिडिटी म्हणणं बंद कर, लोक जेवत असले तरी. दोन दिवस तिनं ते टाळलं. मग तिनं तिच्या आईला फोनवर खरं नाव सांगितलं आणि मी दुसऱ्या खोलीतून ऐकलं.

उन्हाळ्यात त्याच ठेकेदाराकडे पुन्हा गेलो. खुर्चीत बसल्याबरोबर म्हणालो, मला आतड्याचा रोग आहे, मी चार-पाच वेळा उठेन, उठलो म्हणजे उतरलो असं समजू नका. त्यानं समोरचा कागद बाजूला सारला. मग हातानं दाखवत म्हणाला, "बाथरूम उधर है सेठजी. आप ही का लगाया हुआ है." त्या दिवशी मी तीनदा उठलो आणि एक पैसा उतरलो नाही.

या गोष्टीला आता बरेच हिवाळे झाले. नव्या रायपुरच्या रस्त्यावरची झाडं सावली देण्याएवढी झाली आहेत.

काल सकाळी तो बूट खाणारा दिसला आणि काल दुपारीच दिवाकरराव दुकानात आले. रिटायर होऊन त्यांना चार वर्षं झाली. लग्नाकार्यात आम्ही समोरासमोर येतो, नमस्कार करतो, पण माझ्या दुकानात ते कधीच आले नव्हते. नळ गळतोय म्हणाले. मी नळ दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, फिरवला, ठेवला. टाइल्सचं विचारलं, थंडीचं विचारलं. मला धंद्याचा अनुभव आहे, माणूस ज्या वस्तूचं बोलतो ती त्याला नको असते. मी चहा मागवला आणि गप्प बसलो.

चहा थंड झाला तेव्हा ते म्हणाले, "गजूभाऊ, तुमचे ते डॉक्टर, शेवटच्या खोलीतले. अजून आहेत का तिथं?"

"काहून?"

"असंच." मग खाली बघत म्हणाले, "ऑपरेशन झालं तवापासून मी एकटा जिना चढलो नाही. कुंदाले सांगतो गुडघे दुखतात. जरा छातीत धडधडलं की हात गार पडतात. इतकी वर्षं झाली. लोकं म्हणतात, तुम्ही तर शेर आहात. शेरानं कोणाले सांगावं?" नळ पुन्हा हातात घेऊन म्हणाले, "तुमचं बरं आहे, असं मले नेहमी वाटायचं. तुम्ही सरळ सांगून टाकता सगळ्याईले."

माझ्या पोटात दुखत होतं तितकी वर्षं त्यांच्याही दुखत होतं, आणि माझ्यावरून. त्यांनी त्या पंगतीची माफी मागितली नाही. पण समोरचा कुठपर्यंत खाली आलाय, हे भाव करणाऱ्याला कळतं. तरीही, खरं लिहायचं तर, मला आधी हेच वाटलं की यांच्याकडे सगळं होतं. वाडवडील होते, सीट होती, रेघ होती. माझ्याकडे त्यांच्याकडे नसलेली एकच खोली होती, तीही यांना आता हवी झाली.

तेवढ्यात कळ आली. मी म्हणालो, "बसा, येतो." आणि उठलो.

परत आलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, खेड्यातलं नवरा-बायकोचं जोडपं. आणि मंत्रालयातून रिटायर झालेले दिवाकरराव माझ्या गल्ल्यासमोर उभे राहून त्यांना ओरिसा पॅन दाखवत होते. पाय कुठं ठेवायचे हे समजावत होते. मला बघून जरा ओशाळले. म्हणाले, "मी सांगितलं, सेठ येऊनच राहिले."

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना कागदावर खोली आणि दिवस लिहून दिला. त्यांनी घडी केली, खिशात ठेवली, पुन्हा काढली. "तिथं गेल्यावर काय सांगू? कोणता रोग म्हणू?"

मी म्हणालो, "हमर मन के."

ते पिढ्यान् पिढ्या रायपुरचे, छत्तीसगढी त्यांची घरचीच. "हव," म्हणाले, आणि त्यांनी बोट आधी स्वतःच्या छातीकडे नेलं, मग माझ्या पोटाकडे.

जे ऐकायला मला एक अख्खा हिवाळा लागला, ते त्यांना पहिल्याच खेपेला बरोबर ऐकू आलं. पोटात थोडं दुखलंच.